उसनं नाक

९ नोव्हेंबर, रविवार

माझा भाऊ सदू घरात शिरला तो थेट शेगडीकडे धावला. चप्पलसुद्धा काढली नाही. रेग्युलेटर बंद केला, खिडकी सताड उघडली आणि माझ्यावर ओरडला — "ताई, मरायचंय का? घरभर गॅस भरलाय!"

मी शेगडीपासून दोन हातांवर बसून जीन्सचे धागे कापत होते. सासूबाई खाटेवर. दोघींना काही म्हणजे काही कळलं नाही! नळी उंदरानं कुरतडली होती. सदू दर दिवाळीनंतर मुरबाडहून पावटे घेऊन येतो, तो आज आला म्हणून बरं. काडी ओढायला मी पाचच मिनिटांत उठणार होते.

त्यानं नळीचं टोक माझ्या नाकाशी धरलं. "आला वास?" मी म्हटलं, थोडा आला. खोटं बोलले. काही आला नाही.

चोवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन मोरिवलीत आले तेव्हा पहिल्या सकाळी कारखान्यांकडून वारा आला आणि मी अंगणातच ओकले होते. सगळे हसले. सासरे हरिचंद्र तेव्हा होते. म्हणाले, सहा महिन्यांत सवय होईल. झाली. कधी झाली तेही कळलं नाही.

१० नोव्हेंबर

आज नाक तपासलं. हिंग — येतो. लसूण — येतो, लांबून आल्यासारखा. फिनेल — नाही. अगरबत्ती — धूर दिसला म्हणून वाटलं आला, डोळे मिटून हुंगली तर नाही.

ह्यांना सांगितलं. हे हसले. "अख्ख्या मोरिवलीचं नाक गेलंय, तुझं एकटीचं काय घेऊन बसलीस!" ह्यांचंही गेलंय. आनंदनगरला कंपनीत बावीस वर्षं झाली, जाणारच.

ह्यांना हसू येतं, मला येत नाही. गेल्या पौषातली ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. कुठल्या तरी कारखान्यातून काहीतरी सुटलं होतं. कुठल्या, ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. सासूबाईंना दमा, त्यात खुब्याचं हाड मोडल्यापासून चालता येत नाही. ह्यांनी त्यांना पाठुंगळी घेतलं आणि पळाले. त्यांचे ओठ जांभळे झाले होते. तीन दिवस ऑक्सिजनवर होत्या.

त्या दिवशी हे घरी होते म्हणून. या हिवाळ्यात ह्यांची पहिली पाळी — सहाला निघतात. थंडीत वास खाली बसतो, सकाळीच जास्त. म्हणजे झालं तर मी एकटी, आणि मला वास येत नाही!

आता कळणार कसं? कंपनीचा भोंगा पाळी बदलली की वाजतो, सराव असला की वाजतो, कधी उगाच वाजतो. भोंगा झाला की आम्ही घड्याळ लावतो, पळत कुणी नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रडून काय होणार. पैसा नाही तर नाही, हात आहेत.

रेशनच्या गोणीची पिशवी शिवली. त्यात सासूबाईंचा दम्याचा पंप, गोळ्या, पाण्याची बाटली, जुन्या सुती लुगड्याचे चार तुकडे — भिजवून नाकावर धरायला. आधार कार्डं दुधाच्या पिशवीत गुंडाळली. लेकीचा, तेजलचा नंबर भिंतीवर कोळशानं लिहिला, कारण मोबाइल ऐन वेळी कुठे सापडतो! पिशवी दाराच्या खिळ्याला. बाहेरच्या नाही, आतल्या. बाहेरच्या खिळ्यावर ह्यांचा कंपनीचा शर्ट असतो. तो न धुता घरात आणायचा नाही ही सासूबाईंची जुनी शिस्त. इथे सगळ्या घरांत आहे ती.

हे म्हणाले, कंपनीच्या छपरावर वारा दाखवणारी कापडी पिशवी असते, तशी लाव. मी सासूबाईंचा विटका परकर फाडून पट्टी काढली आणि बांबूला बांधून पत्र्यावर रोवली. सासूबाई खाटेवरून ओरडल्या — "माझा परकर सगल्या गावाला दाखव गो!" पण खूश होत्या. कितीतरी दिवसांनी घरात काही चाललंय असं त्यांना वाटलं असावं.

तेजलचा फोन आला. आजीला विठ्ठलवाडीला माझ्याकडे पाठव म्हणाली. बोलायला ठीक आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, एका खोलीत पाच माणसं, त्यात तिची सासू. मी बघते म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

ह्यांनी गाडी केली! कंपनीच्या भंगारातली चार बेअरिंगं साहेबाला विचारून आणली, जुन्या दाराची फळी, वर प्लास्टिकची खुर्ची दोरीनं आवळली. सासूबाईंना बांधायला जीन्सच्या कापडाची कात्रणं. धागे कापायचं काम देणारा उल्हासनगरचा शेठ पोतंभर देतो, त्यांना एकदाचा उपयोग झाला.

सराव केला. सासूबाईंना उचलून खुर्चीत बसवलं, बांधलं, ढकललं. गटाराशी चाक अडकलं. मग पाणी भरायला आलेल्या बायका बघत उभ्या. "मना काय मासलीची टोपली समजलीस?" सासूबाई तापल्या. समोरचा जनू — रिटायर वॉचमन, दिवसभर ओट्यावर — म्हणाला, "वहिनी, हॉर्न लावा गाडीला." कसला हॉर्न, बेअरिंगचा आवाज अख्ख्या गल्लीला जागं करील.

शाळेच्या मैदानापर्यंत अकरा मिनिटं. अकरा मिनिटांत त्या राहतील का? मी ह्यांना विचारलं नाही. ह्यांनी गटारावर फळी टाकली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सापडलं! नाक सापडलं!

शेजारच्या खोलीत दिवाळीनंतर कल्पेश आणि त्याची बायको भाविका राहायला आलेत. ती बदलापूरच्या पुढची, कोंडेश्वरकडच्या गावातली. नुसती झाडं आणि डोंगर तिकडे. तिसरा महिना लागेल आता. आज साखर मागायला आली आणि दारातच थबकली. पदर नाकाला. बाहेरच्या खिळ्यावर ह्यांचा शर्ट होता. "काकी, हे काय मेलंय इथे?" म्हणाली आणि गटाराकडे पळाली, ओकली.

मी तिची पाठ चोळत होते आणि मनात काय, तर आनंद! लाज वाटली पाहिजे होती. मला फक्त एवढंच दिसत होतं की हिला येतो. आमच्या गल्लीत एकीला तरी येतो.

तिला बसवून पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. गेल्या पौषातलंही. मोठे डोळे करून ऐकत होती. म्हटलं, नेहमीपेक्षा वेगळा, घशाला झोंबणारा वास आला की स्टीलची थाळी घे आणि डावानं बडव. थांबायचं नाही, मी दार उघडेपर्यंत. "एवढंच ना काकी?" म्हणाली. एवढंच.

२२ नोव्हेंबर

सकाळी साडेसहाला थाळी. मी सासूबाईंना अर्धं बांधलं, तेवढ्यात कळलं — जनूची विडी.

दुपारी थाळी. पलीकडे मेथीची फोडणी.

२३ नोव्हेंबर

थाळी. कुणीतरी टायर जाळला. हा इशारा तसा बरोबर होता.

बायका नळावर विचारतात, "भाविकाबाई, आज काय करपलं?" ती रडवेली झाली. मी म्हटलं, दहा वेळा चुकलीस तरी वाजव. अकराव्या वेळी बरोबर असलीस की झालं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मी वाईट वागले. इथे लिहिते, दुसरं कुणाला सांगणार.

भाविकाची आई आली होती. लेकीचा चेहरा बघून घाबरली. पोटात काही टिकत नाही, हाताची काडी झालीय. म्हणाली, दोन-तीन महिने घरी नेते, हवा तरी चांगली मिळेल. भाविका तयार होती. पिशवीसुद्धा काढली होती तिनं.

आणि मी मध्ये बोलले. म्हटलं, मावशी, तिकडे गावात डॉक्टर कुठाय, रात्री-अपरात्री गाडी मिळत नाही. इथे स्टेशनजवळ सगळं आहे. आणि मी आहे ना, माझ्या लेकीसारखी बघेन. आईला पटलं. माझा हात धरून म्हणाली, तुमच्या भरवशावर ठेवते.

डॉक्टरचं खोटं नव्हतं. पण मी त्यासाठी बोलले नाही. मला तिचं नाक हवं होतं. वाटी-दोन वाटी साखर उसनी घ्यावी तसं मी तिचं नाक उसनं घेतलंय, आणि परत करायचं मनात नाही.

संध्याकाळी तिला पावट्याची उसळ नेऊन दिली. तिनं दोन घास खाल्ले. मला खूप अपराध्यासारखं झालं.

४ डिसेंबर, गुरुवार

मैदानापर्यंत चार मिनिटं वीस सेकंद! जनूनं घड्याळ लावलं होतं. चेष्टा करता करता तोही आता गटारावरची फळी धरतो.

सासूबाई मात्र वाटेवर नाराज. मी ठरवलंय, सकाळी झालं की शाळेचं मैदान, संध्याकाळी झालं की मारुतीचं देऊळ. त्या म्हणतात, "वारा काय तुझ्या घड्यालावर चालतो?" त्यांचं माहेर पेणकडचं, मिठागरावरचं. लहानपणी मिठाच्या कोंड्यांच्या, म्हणजे वाफ्यांच्या, बांधावर बसून वारा बघायच्या — सकाळी जमिनीकडून सुटणारा मतलई, दुपारी समुद्राकडून येणारा खारा. मीठ धरणार की विरघळणार ते त्यावर. मी म्हटलं, आई, इथे समुद्र कुठाय. त्या म्हणाल्या, वारा हाय ना.

मी ऐकून सोडून दिलं. पत्र्यावर परकर आहे, तो पुरे.

९ डिसेंबर, मंगळवार

झालं. आज झालं. अक्षर बघा कसं येतंय.

साडेसात वाजत होते. हे कधीच गेलेले, कल्पेशही. मी चहा गाळत होते. थाळी वाजली. मी कान दिला — आता थांबेल. थांबेना. दार उघडलं. भाविका उंबऱ्यात, पदर तोंडात, डोळ्यांतून धारा, आणि डाव बडवतेय, बडवतेय.

मी हवा हुंगली. काही नाही! रोजच्यासारखी सकाळ. समोर जनू दात घासत होता. "झालं हिचं सुरू," म्हणाला. नळावरच्या बायकाही हसल्या. आणि मी — मीच तिला सांगितलं होतं वाजव म्हणून — मी उंबऱ्यात उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. मला वाटलं, हीही मेथीच असेल. मला वास येत नाही हे माहीत असून मी माझ्याच नाकावर विश्वास ठेवत होते!

मग पत्र्यावर बघितलं. परकराची पट्टी ताठ, कारखान्यांकडून सरळ आमच्या दाराकडे.

पुढचं सगळं हातांनीच केलं. लुगड्याचे तुकडे हंड्यात बुचकळले. सासूबाईंना उचललं, बांधलं. पिशवी गळ्यात. भाविकाला म्हटलं पुढे पळ, वाजवत पळ. गाडीचा खडखडाट, थाळीचा ठणठणाट. बायका आता हसत नव्हत्या. एकीनं खोकायला सुरुवात केली आणि सगळ्याच कळश्या टाकून निघाल्या.

गल्लीच्या तोंडाशी मी शाळेकडे वळवणार, तोच सासूबाईंनी तोंडावरचं फडकं काढलं. गाल वर केला, डोळे मिटले. "तिकरं नको! वारा फिरला." मी म्हटलं, आई, फडकं लावा, ठरलंय आपलं. त्यांनी माझा हात असा धरला की वळ उठलाय. "पोरी, मना कलतं! देवलाकरं घे!"

मी देवळाकडे घेतली.

देवळाच्या कट्ट्यावरून बघितलं तेव्हा शाळेच्या मैदानावर पिवळट धुकं बसलं होतं. दाट, खाली, गवतावर. तेव्हा पहिल्यांदा माझे डोळे चुरचुरले. वास तेव्हाही नाही.

जनू सगळ्यात शेवटी आला, तोंडाला फेस — मंजनाचा की कशाचा कळेना. कोसळला, ओकला. त्याला आणि तिघी-चौघींना हॉस्पिटलात नेलं, संध्याकाळपर्यंत सगळे घरी. सासूबाईंनी दोनदा पंप घेतला, बस्स. ओठ बघितले मी. शंभरदा बघितले. तांबूस होते.

हे धावत आले ते दुपारी. सासूबाईंच्या पायाशी बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी नाही रडले. आता लिहिताना येतंय.

१० डिसेंबर

भाविकाची मिरवणूक काढायची बाकी आहे! जनूच्या बायकोनं ओटी भरली. नळावर तिला पहिला नंबर. कुणी लिंबू देतं, कुणी आवळा. कालपर्यंत हसणाऱ्या बायका माझ्याकडे पिशवी कशी शिवायची विचारायला आल्या. गल्लीत आता आठ परकर फडकतायत. जनूनं तर नातवाची सायकल मोडून गाडी करायला घेतलीय.

सासूबाई खाटेवर महाराणीसारख्या. सगळे वारा विचारून जातात.

१८ डिसेंबर, गुरुवार

आठ दिवस थाळी नाही. हवा बरी आहे म्हणतात सगळे. कंपन्यांना धाक बसला असेल. आज दुपारी मी दोन तास झोपले, गाढ. किती महिन्यांनी!

पिशव्या मात्र एक-दोघींनीच शिवल्या. बाकीच्या म्हणतात, भाविका आहे ना.

२५ डिसेंबर

सासूबाई ओरडल्या. त्यांचा तांब्याचा लोटा काळा पडलाय. मी परवाच चिंचेनं लख्ख घासला होता. त्या म्हणतात, तू वरवर घासतेस. पुन्हा घासला.

२८ डिसेंबर

लोटा पुन्हा काळा. तुळशीच्या पानांना करडे ठिपके. थंडीनं असेल.

भाविकाला भूक लागायला लागलीय! काल दोन भाकऱ्या खाल्ल्या. गालांवर जरा मांस आलंय. तिच्या आईला फोन करून सांगितलं, मावशी, काळजी नको, लेक छान आहे. बोलताना मला हलकं वाटलं. म्हटलं, बरं झालं ठेवून घेतलं.

२ जानेवारी, शुक्रवार

भाविकाला चौथा लागला. उलट्या बंद. कल्पेशनं गल्लीत पेढे वाटले.

संध्याकाळी मी धाग्यांची गाठोडी बांधत होते तर ती आपणहून दोरीवरचे कपडे काढून घेऊन आली. सगळ्यात वर ह्यांचा कंपनीचा शर्ट, हनुवटीखाली दाबून धरलेला. "खिळ्यावरून खाली पडला होता काकी. धुतलेला मातीत कशाला, म्हणून आणला."

तो धुतलेला नव्हता. लोटा दोनदा काळा पडला, थाळी एकदाही वाजली नाही.

मी शर्ट तिच्या हातातून घेतला, बाहेर फेकला आणि भिंतीवरच्या कोळशाच्या आकड्यांखाली लिहून ठेवलेला तिच्या आईचा नंबर लावला. म्हटलं, मावशी, मी चुकले. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं या आणि लेकीला घेऊन जा.